झरीला पुलावर कोणी मारलं?

१

झरी मेली, तर कुलदीप खोडेचा तीन बाजूंनी फायदा होता.

पहिला फायदा गाजावाज्याचा. पोरं रडली की ओरडतात आणि ओरडली की पुस्तक हातोहात जातं. दुसरा पुढचा. झरीच्या मागे तिची धाकटी बहीण उरत होती, आणि बहीण उरली की सहावा भाग कोणाकडूनही लिहून घेता येतो. तिसरा फायदा त्याला सगळ्यांत गोड वाटत होता: कोणाकडूनही, म्हणजे धनश्री कोल्हेकडून नाही.

झरी ही कोणाची खरीखुरी मुलगी नव्हे, हे आधीच सांगितलेलं बरं. ती 'सातपाणी' या पाच भागांच्या कादंबरीतली चौदा वर्षांची पोरगी. राजानं चोरलेल्या सात नद्या ती हाका मारून परत आणते. सौंसरची धनश्री कोल्हे हे लिहायची आणि पांढुर्ण्याचा कुलदीप खोडे छापायचा. शाळेत सगळं हिंदीत शिकणारी इकडची पोरं या मराठी पुस्तकासाठी रांग लावायची. हे पाहून भल्याभल्यांना गहिवरून यायचं. अपवाद दोनच माणसांचा, लेखिकेचा आणि प्रकाशकाचा. तिसऱ्या भागाच्या मुखपृष्ठावर कोणाचं नाव किती मोठं, यावरून दोघांचं जे बिनसलं, तेव्हापासून त्यांचं बोलणं बंद होतं. चौथा भाग आणि पाचवाही चित्रकार गजेंद्रच्या पिशवीतून सौंसरहून पांढुर्ण्याला आला.

पोळ्यानंतरच्या तिसऱ्या आठवड्यातल्या बुधवारी धनश्री स्वतः प्रेसची पायरी चढली. आत दोन हजार प्रतींचे गठ्ठे बांधून तयार होते. रविवारी सौंसरला प्रकाशन होतं. तिनं वरच्या गठ्ठ्यातली एक प्रत ओढली, सवयीनं शेवटून उघडली आणि उभ्या उभ्या वाचायला लागली.

'महिन्याची शेवटची रात्र होती. पुलावर चंद्र ताटाएवढा उगवला होता, आणि त्या उजेडात झरीनं पहिल्यांदा पाहिलं की तिच्यामागे कोणीच येत नव्हतं...'

पुढच्या अकरा पानांत झरी पुलावरून पडून मेली.

"हे कोणी लिहिलं?" धनश्रीचा आवाज मशीनच्या वर गेला.

कुलदीपनं उत्तर तिला दिलं नाही, गठ्ठ्यावर बसलेल्या गजेंद्रला दिलं. "गजू, बाईले सांग, त्याहीच्याच लिफाफ्यातून आलं. टाईप केलेलं आलं, म्हून माही मेहनत वाचली. लय बरं वाटलं मले."

"मी हातानं लिहिलेली वही दिली होती! निळ्या पुठ्ठ्याची!"

"वही कुठी हाये? दाखव म्हना."

वही नव्हती. शेवट फुटू नये म्हणून धनश्रीनं दुसरी प्रत ठेवलीच नव्हती. तिचा शेवट आता फक्त तिच्या डोक्यात होता, आणि लेखकाच्या डोक्यातल्या गोष्टीला छापखान्यात कोणी मोजत नाही.

"पोट्ट्यायच्या शिव्यायले भेली अन् आता पलटून राहिली," कुलदीप आता सरळ तिच्याकडे पाहून म्हणाला. तीन वर्षांतलं ते पहिलं वाक्य. "शनवारी सकाळी गाडी भरतो. शुक्रवारच्या संध्याकाळपर्यंत सिद्ध करून दे का हे तुह्यं नाही. नाही तं तुह्या नावानं झरी मेली ते मेली."

त्यानं लिफाफा टेबलावर आपटला. वर अक्षर धनश्रीचं होतं. सुतळीही तिचीच होती.

२

मध्ये पडायची सवय झालेल्या गजेंद्रनं शांताबाईंना आणलं.

शांताबाई गजभिये यांनी पांढुर्ण्याच्या वाचनालयात छत्तीस वर्षं पुस्तकं दिली-घेतली आणि सहा वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या. कोणतं पान कोणी फाडलं, हे त्या घेणाऱ्याच्या बोटांकडे पाहून सांगायच्या. त्यामुळे गावात त्यांना मान होता आणि घरी चहाला बोलावणारं कोणी नव्हतं.

"तुम्ही वाचता का असली पुस्तकं?" धनश्रीनं विचारलं. तिच्या विचारण्यात 'नसालच' हे आलेलं होतं.

"चारही वाचले. तिसरा लांबला होता," शांताबाई म्हणाल्या आणि स्टुलावर बसून त्यांनी नवी अकरा पानं वाचून काढली. कोणी पाणी विचारलं नाही. वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा पुसला.

"धनश्रीबाई, खरं सांगजा. वाईट लिहिलं हाये का हे?"

धनश्रीनं पानं हातात घेतली. बुधवारपासून शुक्रवारपर्यंत तिच्या तोंडून जे काही निघालं, त्यात हे एकच वाक्य हळू होतं. "वाईट नाही."

"तुमच्यासारखंच वाटते."

"म्हणूनच कोणी विश्वास ठेवणार नाही!" आवाज पुन्हा वर गेला. "या माणसानं कोणाला तरी बसवून लिहून घेतलं. सहावा भाग पाहिजे याला!"

"अव, मले लिहून घ्यायचं असतं तं गेल्या साली घेतलं असतं," कुलदीप म्हणाला. "तुह्याहून स्वस्तात."

शांताबाईंनी दोघांना भांडू दिलं आणि लिफाफ्याचा प्रवास विचारून घेतला. लिफाफ्यात फक्त शेवटचं प्रकरण होतं, आणि प्रवास फार लांबचा नव्हता. गेल्या पंधरवड्यातल्या गुरुवारी गजेंद्रनं तो सौंसरहून आणला. शनिवारपर्यंत तो प्रेसच्या कपाटात पडून होता. कपाटाला कुलूप होतं आणि किल्ली कुलपातच असायची. शनिवारी नेहमीप्रमाणे 'झरीची टोळी' आधीची प्रकरणं तपासायला आली. टोळी म्हणजे कादंबरीच्या चारशे वाचक पोरांचा फोनवरचा गट. त्यातली पाच निवडक पोरं प्रत्येक भागाची कच्ची छपाई वाचून चुका काढायची. पाच पोरांना पाच कचोऱ्या मिळायच्या आणि कुलदीपला शुद्धलेखन तपासणारा ठेवावा लागायचा नाही. टोळीची म्होरकी प्रणाली त्या दिवशी कपाटाला पाठ टेकून बसली होती. रविवारी कुलदीपनं लिफाफा सोडला, तेव्हा आत टाईप केलेली पानं होती; शेवट फुटू नये म्हणून ती त्यानं टोळीला न दाखवताच छापली.

"मंग दोघंच उरले," कुलदीप म्हणाला. "गजू अन् ते पोट्टी."

"तीन," शांताबाई म्हणाल्या. "तू लिफाफा सोडला तेव्हा खोलीत कोन होतं?"

कुलदीपशिवाय कोणी नव्हतं.

३

त्या संध्याकाळी शांताबाईंनी चारही भाग चटईवर मांडले आणि वाचनालयाच्या एका जुन्या कार्डाच्या पाठीवर उभी रेघ ओढली. गोष्ट त्यांना वाचायची नव्हती, त्या काहीतरी मोजत होत्या. पान उलटायचं, थांबायचं, एक काडी ओढायची. चौथा भाग मिटेपर्यंत रेघेच्या डाव्या अंगाला अकरा काड्या झाल्या आणि उजवीकडे एक. तिच्या शेजारी त्यांनी नव्या अकरा पानांसाठी दुसरी काडी ओढली.

उजवीकडची पहिली काडी चौथ्या भागाच्या अठराव्या प्रकरणाची होती. हे प्रकरण ज्यानं वाचलं नाही, असं पोरगं दोन तालुक्यांत सापडलं नसतं. सातही पाणी परत येतात ते प्रकरण. पोरं ते पाठ म्हणत, मास्तर त्याच्यावर भाषण करत.

शांताबाई कार्डाकडे बराच वेळ पाहत राहिल्या. चोर कोण हे त्यांना अजून ठाऊक नव्हतं. पण चोरी एक नव्हे, दोन झाल्यात, हे कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तिघांनाही एकच प्रश्न विचारला, आणि तो कादंबरीचा नव्हता.

"औंदा श्रावण पाळला का तुम्ही?" त्यांनी कुलदीपला विचारलं. "मटन केव्हा सुरू केलं?"

"चोर धरून राहिल्या का स्वयंपाक करून राहिल्या?"

"सांग तं."

कुलदीप हसला. हसताना तो जास्त लबाड दिसायचा. "शांतामावशी, मी दोन कॅलेंडर छापतो. एक दुकानदारायचं हिंदी अन् एक आपलं मराठी. मराठी श्रावन लागला का मी सोडतो, अन् हिंदी सावन सरला का धरतो. पंधरा दिवसांत मोकळा. देवाची तक्रार नाही आली आजपर्यंत."

"म्हंजे दोन्ही हिशेब तुले येतेत."

"येतेत न. धंदाच हाये माहा."

शांताबाईंनी हे लक्षात ठेवलं आणि सौंसरची बस धरली. जामसांवलीच्या फाट्यावर हनुमानाला जाणारी माणसं उतरली आणि बसायला जागा झाली. मोहगावात गजेंद्र शेतातल्या खोलीत रंग धूत बसला होता. त्याचं नाव चारही भागांत शेवटच्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरात आहे, आणि हे त्यानं न विचारता सांगितलं.

"दोघायचे निरोप वाहून वाहून मी खच्चर झालो, मावशी. तो तिले काय म्हन्ला ते मी तिले अर्धंच सांगतो, नाही तं खून होतील. मी झरीले काऊन मारू? ते मेली तं माहं चित्र बंद."

"लिफाफा रस्त्यात उघडून पाहिला नाही?"

"बसमध्ये वाचलं का मले वकारी येते."

"बरं. श्रावण?"

"काय श्रावन?"

"मटन केव्हा सुरू केलं?"

"पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. बैल सुटले, श्रावन सुटला. आमच्या घरी राखीच्या दिवशी कोंबडीचं नाव काढलं असतं तं मायनं उलथनं फेकून मारलं असतं."

आणि प्रणाली. ती सतरा वर्षांची. तिचे वडील गुणवंता यांची पांढुर्ण्यात बियाण्यांची एजन्सी. सहावीपासून ती नर्मदेपलीकडच्या एका निवासी शाळेत होती, बारावीसाठी आता परत आली होती. तिनं दार अर्धंच उघडलं.

"मेरे को सब पता है, काउन आल्या तुम्ही. मी कपाटाजवळ बसली होती. मग?"

"मग काही नाही. झरी मेली, वाईट वाटलं असेल."

"मरणारच होती. जी पोरगी सगळ्यांचं पाणी आणते, तिला कोण जिवंत ठेवते?" हे ती इतक्या पटकन बोलली की शांताबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं.

"धनश्रीबाई आवडते तुले?"

"पुस्तकं आवडतात." दार आणखी बोटभर मिटलं. "जुलैमध्ये त्या इथल्या शाळेत आल्या होत्या. मी म्हटलं, मी पण लिहिते. सगळ्यांसमोर म्हणाल्या, आधी वाचायला शिका."

"होस्टेलात जेवन कसं होतं व?"

प्रणालीला प्रश्नाचं नवल वाटलं, पण जेवणाबद्दल बोलायला होस्टेलातलं कोणतंही पोर तयारच असतं. "भंगार. सावनमध्ये तर अंडं पण नाही. राखी झाली की दुसऱ्या दिवशी अंडा करी, आणि आम्ही थाळ्या वाजवायचो. सावन खतम!"

"राखीले?"

"हो, महिना राखीलाच संपते न, आजी."

शांताबाईंनी मान हलवली. घरी जाऊन त्यांनी उजवीकडच्या दोन काड्यांभोवती एक गोल काढला. मग झोपायच्या आधी तो गोल खोडला, कारण त्यात एक नाही, दोन बायका अडकत होत्या.

४

शुक्रवारी दुपारी त्या सौंसरला धनश्रीच्या घरी गेल्या. धनश्रीनं बसा म्हटलं नाही, त्या बसल्या.

"सापडलं?"

"सापडलं. पन पहिले तुम्हाले सांगतो, मग ठरवा." शांताबाईंनी कार्ड पुढे केलं. "आमच्यात बुद्धाचे मोठे दिवस पौर्णिमेचे असतेत. वैशाखी, आषाढी. म्हून गोष्टीत पूर्ण चंद्र निघाला का माह्यं लक्ष जाते. तुमच्या सातपाण्यांच्या देशात महिना केव्हा सरते?"

"काळोखात. अमावस्येला. पहिल्या भागात लिहिलंय."

"अकरा वेळा लिहिलं. तुमच्या घरी, गजेंद्रच्या घरी, इकडच्या समद्या मराठी घरी महिना मावसेलेच सरते. पोळा झाला का श्रावन गेला. पन नर्मदेपलीकडे, हिंदी पंचांगात, महिना पौर्णिमेले सरते. राखी झाली का सावन गेला. आता नवं प्रकरन पाहा. 'महिन्याची शेवटची रात्र, चंद्र ताटाएवढा.' हे तुमच्या हातून जन्मात नसतं झालं. लिहिनारं मानूस तिकडच्या हिशेबात वाढलं."

धनश्रीचा चेहरा उजळला. "म्हणजे सिद्ध झालं! हे कुलदीपसमोर..."

"उजवीकडे दोन काड्या हायेत," शांताबाई म्हणाल्या.

धनश्रीनं कार्डाकडे पाहिलं आणि ती खाली बसली.

"अठरावं प्रकरन, चौथा भाग. सात पानी परत येतेत, महिना सरते, अन् डोक्यावर पूर्ण चंद्र. दोन हजार पोट्ट्यायनं पाठ केलं, कोनाच्या ध्यानात नाही आलं. ज्यानं झरीले मारलं, त्यानंच अठरावं लिहिलं. अन् अठरावं प्रेसले आलं ते तुमच्या अक्षरात. तेव्हा कुलदीपचं अन् तुमचं बोलनं बंद. त्याले दोन्ही हिशेब येतेत, पन त्याचा कागद तुमच्या घरात येनार कसा? गजेंद्र पोळ्याचा मानूस. मग तुमच्या घरी ते प्रकरन कोनाकडून आलं?"

धनश्रीनं कार्ड पालथं करून ठेवलं.

"चौथ्या भागात आठ महिने अडले होते मी," ती म्हणाली. "चौदा पानांचं पत्र आलं. होस्टेलच्या पत्त्यावरून. 'मॅडम, पुढे असं झालं तर?' मी रागानं वाचायला घेतलं आणि... दोन-चार शब्द बदलले. उत्तर लिहिणार होते. नंतर त्या प्रकरणाकडे पुन्हा पाहवलंच नाही, म्हणून तो चंद्र राहून गेला."

"बुधवारी पहिल्या पानावरच ओळखलं तुम्ही. कुलदीपवर वरडल्या, पन हे इतकं चांगलं कोन लिहू शकते, ते एकदाही नाही विचारलं."

"तुम्ही नुसतं नाव सांगा ना! ओळखलं कसं, ते कशाला?"

"कसं ते न सांगता नाव घेतलं तं ती चुगली झाली. सतरा वर्षांच्या पोरीवर मी चुगली लावनार नाही. सांगीन तं दोन्ही काड्या सांगीन. नाही तं एकही नाही."

हिशेब सरळ होता आणि धनश्रीला तो लगेच कळला. बोललं, तर तिला तिचा शेवट परत मिळत होता आणि अठरावं जात होतं. गप्प राहिलं, तर अठरावं तिचंच राहत होतं आणि झरी दुसऱ्याच्या हातून, तिच्या नावावर मरत होती.

"मग नका सांगू," ती उठून म्हणाली. "जाऊ द्या गाडी."

शांताबाई बाहेर पडल्या, तसं तिनं त्यांच्या अंगावर दार लावलं.

५

संध्याकाळी सहाला प्रेसवर कुलदीप, गजेंद्र आणि शांताबाई होते. प्रणालीला शांताबाईंनी निरोप दिला होता, 'ये, नाही आली तरी चालेल', म्हणून ती आली होती.

"बोला मावशी," कुलदीप म्हणाला. "कोन हाये तुमचा चोर?"

"धनश्रीबाई नाही आल्या तं मी बोलनार नाही."

"वा! पैलवान नाही अन् कुस्ती!" त्यानं ड्रायव्हरला फोन लावला. "हां, उद्या सहा वाजता. समदे गठ्ठे. अन् गजू, सहाव्या भागाचं मुखपृष्ठ सुरू कर. धाकट्या बहिनीचं. नाव मोठं टाक. वर नुसतं 'सातपाणी' टाक, लेखक पाहू मागून."

"लेखक मागून?" दारातून आवाज आला.

धनश्री घामानं ओली झाली होती. बसस्टँडपासून ती चालत आली होती. तिनं कुलदीपकडे पाहिलं नाही, प्रणालीकडे पाहिलं, आणि प्रणालीनंही नजर हटवली नाही.

"शांताबाई, सांगा. दोन्ही."

शांताबाईंनी सांगितलं. पोळा, राखी, अकरा आणि दोन. गजेंद्रनं मध्येच 'अरे बाप रे' म्हटलं. कुलदीपनं चौथा भाग काढला, अठरावं उघडलं आणि चंद्रावर बोट ठेवलं. दोन-दोन कॅलेंडरं छापणाऱ्याच्या हाताखालून ते गेलं होतं.

"अठरावं माझं नाही," धनश्री म्हणाली. "हिचं आहे. मी चोरलं."

प्रणालीनं हात बांधले. "अच्छा. आता बोलल्या. मी टोळीत सांगितलं होतं, दो साल पहिले. सगळे हसले. बोलले, हर कोई बोलता है मेरा है. माझ्याकडे कॉपी नव्हती, एकच प्रत, तुम्हालाच पाठवली होती." तिचा आवाज चढला. "माझं होतं तरी लोक म्हणाले तुझं नाही. म्हणून सगळे कचोरी खात होते तेव्हा टाईप करून आणलेली पानं लिफाफ्यात टाकली, सुतळी तशीच बांधली. तुमचं नव्हतं ते तुमचं करून दाखवलं. एक घेतलं होतं तुम्ही, मी अजून एक दिलं. फायदाच झाला न तुमचा?"

"वही?"

"घरी आहे. फाडणार होती. वाचली." तिनं बांधलेले हात सोडले. "नाही फाडता आली. पण माझं पण वाईट नाही."

"नाही," धनश्री म्हणाली. "वाईट नाही. पण ती तुझ्या हातून मरत असेल तर तुझ्या नावानं मरू दे. माझ्या नावावर तुझं एक प्रकरण दोन वर्षं आहे. रोज कोणीतरी त्याचंच कौतुक करतं आणि मी थँक्यू म्हणते. दुसरं मला झेपणार नाही."

"सॉरी बोला."

"नाही बोलणार. छापून देईन. बोललेलं कोणी मोजत नाही."

"मी पण नाही बोलणार."

"नको बोलू."

कुलदीपनं ड्रायव्हरला पुन्हा फोन लावला, आणि त्याच्या तोंडातून निघालेले शब्द दोन्ही कॅलेंडरांत बसणारे नव्हते.

६

आता कोणी किती भरलं ते पाहू.

कुलदीपनं दोन हजार प्रतींतला शेवटचा फर्मा, म्हणजे एकत्र छापून शिवलेली सोळा पानं, हातानं सोडवला, नवा छापला आणि पुन्हा शिवला. दोन दिवस झोप नाही, आणि वर धनश्रीशी बोलावं लागलं. सहावा भाग गेला, पण त्याचं त्याला फारसं वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते चंद्र आपल्याला दिसला नाही याचं.

गजेंद्रनं मेलेल्या झरीचं चित्र फाडून जिवंत झरीचं काढलं. नाव तेवढ्याच अक्षरात राहिलं. आता निरोप वाहायचं काम नाही, म्हणून त्याला दोन्हीकडचा चहा मिळेनासा झाला.

धनश्रीनं नव्या फर्म्याच्या शेवटच्या पानावर छापलं की चौथ्या भागाचं अठरावं प्रकरण प्रणालीचं आहे आणि ते न विचारता घेतलं होतं. रविवारी सौंसरच्या सभागृहात पोरांनी पहिलं तेच पान वाचलं. तिच्या खऱ्या शेवटात झरी जगते, पण नद्यांना हाक मारायचे शब्द विसरते आणि साध्या पोरीसारखी घागर घेऊन पाण्याला जाते. त्याबद्दल कोणीच विचारलं नाही. नंतर टोळीवर मात्र मजकूर फिरू लागला: मेलेलीच बरी होती, ते अकरा पानं कुठे मिळतील? फाडलेल्या फर्म्यांतले काही प्रेसच्या मागच्या दारानं गेले, आणि पोरं ते फोटो काढून एकमेकांना पाठवत राहिली. म्हणजे ती मेली तीही, आणि जगली तीही.

प्रणालीला टोळीनं काढलं. वही चोरली म्हणून नव्हे, झरीला मारलं म्हणून. ज्या चारशे पोरांना तिनं जमवलं होतं, त्यांनी एका दुपारी तिला बाहेर टाकलं आणि त्याच संध्याकाळी तिची अकरा पानं वाचत बसली. रविवारी ती सभागृहात आली होती, शेवटच्या खुर्चीवर. रांग संपल्यावर पुस्तक घेऊन पुढे गेली.

"नाव?" धनश्रीनं पेन उघडत विचारलं.

"माहीत आहे तुम्हाला."

"दोन वर्षांपूर्वी विचारायचं राहिलं. नाव?"

प्रणालीनं पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. धनश्रीनं ते पूर्ण लिहिलं, खाली सही केली आणि पुस्तक पुढे सरकवलं. प्रणालीनं पान पाहिलं, पुस्तक मिटलं आणि टेबलावर तसंच ठेवून ती बाहेर निघून गेली. धनश्रीनं हाक मारली नाही.

शांताबाईंचंही मांडायला हवं. त्यांनी ज्या दोघींना सोडवलं, त्यांतली एकही आता त्यांच्याकडे पाहत नाही. बसमध्ये धनश्री दिसली तर खिडकीबाहेर बघते आणि प्रणाली रस्ता बदलते.

तर एकूण बेरीज अशी: कुलदीपच्या दोन दिवसांच्या झोपा, गजेंद्रचं एक चित्र, धनश्रीचं एक प्रकरण, प्रणालीची चारशे माणसं, शांताबाईंच्या दोन ओळखी. झरीनं काही भरलं नाही.